एक जाड की तीन पातळ?

दिवाळी झाली. हलके धान कापून झाले. भारी धानही घरी येऊ लागले. शेताशेतांत पुंजणे उभे राहिले. मग एक दिवस पहाटे अंगणात यावे, तो वेलीच्या पानांवरून दव टपटपत असते. तलावावर धुके बसलेले असते. म्हातारी माणसे घोंगडी पांघरून शेकोटीजवळ हात शेकत असतात. हिवाळा आला, हे कोणी सांगावे लागत नाही.

पण सगळ्यांनाच शेकोटीजवळ बसून कसे चालेल? दूधवाल्याला दूध पोचवायचे असते. पेपरवाल्या पोराला घरोघर पेपर टाकायचा असतो. कामगाराला राईस मिलमध्ये वेळेवर जायचे असते. भाजीवालीला बाजार गाठायचा असतो. शाळेतल्या मुलींना चार-चार, पाच-पाच किलोमीटर जायचे असते. यांतल्या पुष्कळांचे वाहन एकच. ते म्हणजे सायकल.

गोंदिया जिल्ह्यात सायकल ही चैन नाही. ती गरज आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या कितीतरी मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. सायकल मिळाली म्हणून शाळा सुटली नाही, अशा मुली तुमच्याही गावात असतील.

पण थंडीत सायकल चालवायची कशी? अंगात काय घालायचे? ही गोष्ट साधी वाटते. पण ती नीट समजली नाही, तर माणूस आजारी पडतो. आणि काही घरांत तर त्यापायी पोरीची शाळाही थांबते. म्हणून आज या साध्या गोष्टीचा विचार करू.

दोन सायकली

एक दूधवाले काकाजी आहेत असे समजा. पहाटे पाचला उठतात. दूध काढतात. सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन लावतात. अंगात बनियन घालतात आणि त्यावर एकच जाडजूड कोट चढवतात. गळ्यापर्यंत गुंड्या लावतात. "आता थंडीच्या बापाला भीत नाही," असे म्हणतात आणि निघतात.

दोन किलोमीटर जाईपर्यंत काकाजींना फार बरे वाटते. मग चढ लागतो. कॅनचे ओझे असते. अंग तापते. कोटाच्या आत घाम सुटतो. बनियन ओलीचिंब होते. कोट काढावा, तर आत फक्त ओली बनियन. न काढावा, तर जीव गुदमरतो. तसेच ते डेअरीवर पोचतात. तिथे रांग असते. अर्धा तास उभे राहावे लागते. आता पाय चालत नाहीत, म्हणून अंग तापत नाही. ओली बनियन बर्फासारखी पाठीला चिकटते. काकाजी कुडकुडू लागतात. इतका जाड कोट अंगात असून कुडकुडतात!

दुसरीकडे एक पेपरवाला पोरगा आहे. त्याच्याजवळ कोट नाही. त्याने आत कबड्डीची जुनी जर्सी घातली आहे. त्यावर एक जुने स्वेटर आहे. त्यावर पातळ रेनकोटाचा वरचा भाग आहे. चढ आला की तो रेनकोटाची चेन खाली ओढतो. उतार आला की वर ओढतो. फारच गरम झाले तर स्वेटर काढून पिशवीत टाकतो. काम संपवून घरी येतो, तेव्हा तो ना भिजलेला असतो, ना कुडकुडत असतो.

काकाजींच्या कोटाला पैसे जास्त पडले. पण थंडीत पोरगा जिंकला. असे का झाले? ते समजण्यासाठी आधी थंडी कशी लागते, ते पाहू.

थंडी लागते म्हणजे काय होते?

आपले शरीर ही एक चूलच आहे. आपण खातो ते अन्न म्हणजे तिचे सरपण. ही चूल आतून अंग साधारण ३७ अंश उबदार ठेवते. बाहेरची हवा गार असली की अंगातली ऊब बाहेर जाऊ लागते. ती जास्त वेगाने गेली की आपण म्हणतो, थंडी वाजते.

ही ऊब जाण्याच्या तीन वाटा नीट ध्यानात घ्या.

पहिली वाट गार हवेची. अंगाला लागलेली हवा अंगाची ऊब घेते. पण हवा जर हलली नाही, तर ती स्वतःच उबदार होऊन अंगाभोवती पांघरुणासारखी राहते. कोंडलेल्या हवेतून ऊब फार सावकाश जाते.

दुसरी वाट वाऱ्याची. गरम चहा आपण बशीत ओततो आणि फुंकर मारतो. फुंकर मारली की चहा लवकर निवतो. वारा आपल्या अंगाला अशीच फुंकर मारतो. अंगाभोवतीचे उबदार हवेचे पांघरूण तो उडवून नेतो.

आता गंमत पाहा. झाडाचे पान हलत नाही, वारा अगदी पडलेला आहे. तरी सायकलवर बसले की वारा लागतो! कारण आपण स्वतःच हवेत शिरत असतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल गेली, तर ताशी १५ किलोमीटरचा वारा तोंडावर येतो. हवा ८ अंश असेल, तर उघड्या चेहऱ्याला ती साडेपाच अंशांसारखी गार लागते. समोरून खराच वारा असला, तर त्याहून गार. म्हणून पायी चालणाऱ्याला पुरतात ते कपडे सायकलवाल्याला पुरत नाहीत.

तिसरी वाट ओलेपणाची. माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो. ते पाणी वाळते. वाळताना ते माठातली ऊब घेऊन जाते. घामाने ओला झालेला माणूस म्हणजे चालता माठच! शिवाय पाण्यातून ऊब फार वेगाने निघून जाते. कोंडलेल्या हवेपेक्षा ती पाण्यातून सुमारे पंचवीसपट वेगाने जाते. म्हणून कोरडे पातळ कापड बरे, पण ओले जाड कापड नको.

आता काकाजींचे काय चुकले, ते कळले ना? त्यांनी थंडी बाहेरून अडवली. पण घाम सुटून ती आतून शिरली.

सायकल चालवताना घाम येतोच. आपण पाय मारतो, तेव्हा जी शक्ती खर्च होते, तिचे चार भाग करा. त्यांतला जेमतेम एक भाग सायकल पुढे ढकलतो. बाकीच्या तीन भागांची ऊबच होते. म्हणून निघाल्यावर पाच-दहा मिनिटांत अंग तापते. सायकलवाल्याला थंडीही सांभाळायची असते आणि गरमीही.

गोंदियाचा हिवाळा तर याहून अवघड. आपला जिल्हा समुद्रापासून फार दूर. समुद्राकाठी हवा एकदम तापत नाही आणि एकदम निवतही नाही. आपल्याकडे तसे नाही. रात्री आभाळ मोकळे असले की जमिनीची ऊब वर निघून जाते. उत्तरेकडून कोरडे गार वारे येतात. पौषात पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. विदर्भातला त्या दिवशीचा सर्वांत कमी पारा गोंदियाचा, असे पेपरात पुष्कळदा येते. आणि त्याच दिवशी दुपारी पारा पंचवीसच्या वर चढतो! म्हणजे सकाळी कुडकुडायचे आणि दुपारी घामाघूम व्हायचे. एकच जाड कपडा इथे कसा पुरणार?

कांद्याकडून शिका

कांदा सोलून पाहा. पापुद्र्यावर पापुद्रा असतो. थंडीतले कपडे असेच असावेत. एकावर एक, पातळ पातळ. हवे तेव्हा एक चढवावा, नको तेव्हा एक उतरवावा.

याचा आणखी एक फायदा आहे. दोन कपड्यांच्या मधे हवा कोंडली जाते. ती हवाच खरी ऊब धरते. तीन पातळ कपडे घातले की हवेची दोन पांघरुणे फुकट मिळतात. तणसाच्या ढिगात कुत्र्याची पिले कशी सुखाने झोपतात! तणसाला स्वतःची ऊब नसते. काड्यांच्या मधे कोंडलेली हवा पिलांची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

नवेगाव बांधाच्या तलावावर हिवाळ्यात दूर उत्तरेकडून बदके येतात. ती दिवसभर गार पाण्यात बसतात. त्यांना थंडी का लागत नाही? त्यांच्या अंगाशी मऊ, फुगीर पिसे असतात. त्यांत हवा कोंडलेली असते. त्यावर घट्ट, तेलकट पिसे असतात. ती वारा आणि पाणी अडवतात. देवाने बदकाला एकावर एक कपडे घालूनच पाठवले आहे.

माणसांनीही हेच केले. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. त्यांच्या अंगात काही एकच भला मोठा कोट नव्हता. आत लोकरीचे कपडे होते. त्यावर पिसे भरलेले कपडे होते. आणि सर्वांत वर वारा अडवणारे कपडे होते.

तीन कपडे, तीन कामे

प्रत्येक कपड्याचे काम वेगळे आहे. ते ओळखले की दुकानात न जाता घरातल्या पेटीतच पुष्कळ काही सापडते.

पहिला कपडा अंगालगतचा. त्याचे काम अंग कोरडे ठेवणे. सुती बनियन घाम पिते आणि बराच वेळ ओलीच राहते. उन्हाळ्यात हे चांगले, पण थंडीत वाईट. खेळाडूंची पातळ जर्सी लवकर वाळते. ती अंगालगत घालावी. पातळ लोकरीचा कपडा असेल तर तोही चांगला. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. यांतले काहीच नसेल तर सुती बनियन घाला. पण दुसरी कोरडी बनियन पिशवीत ठेवा. पोचल्यावर आडोशाला जाऊन बदला. एवढ्याने अर्धे काम होते.

दुसरा कपडा मधला. त्याचे काम ऊब धरणे. जुने स्वेटर, लोकरीची बंडी, जाडसर सदरा, काहीही चालते. स्वेटर एकच फार जाड नको. त्यापेक्षा दोन पातळ बरी. ते घट्टही नको. घट्ट झाले की मधे हवा राहत नाही.

तिसरा कपडा बाहेरचा. त्याचे काम वारा अडवणे. स्वेटरची वीण विरळ असते. तिच्यातून वारा आरपार जातो. म्हणून नुसते स्वेटर घालून सायकलवर बसले तर छातीला गार लागते. वर एक घट्ट विणीचा पातळ सदरा किंवा विंडचीटर घातला, की तेच स्वेटर दुप्पट गरम वाटते. रेनकोट वारा अडवतो, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तो घातला तर चेन थोडी उघडी ठेवा.

काहीच नसेल तर? तर वर्तमानपत्र घ्या! हसू नका. फ्रान्स देशात १९०३ सालापासून सायकलींची एक मोठी शर्यत होते. तिच्यात उंच उंच डोंगर चढावे लागतात. चढताना खेळाडू घामाने भिजतात. पुढे मोठा उतार असतो. तिथे गार वारा छातीत घुसतो. म्हणून घाटाच्या माथ्यावर हे खेळाडू लोकांकडून वर्तमानपत्र घेत आणि जर्सीच्या आत छातीवर खोचत. कागद वारा अडवतो आणि थोडा घामही पितो. जगातल्या नामांकित सायकलपटूंनी जे केले, ते आपण करायला लाज कसली? चार घड्यांचा पेपर स्वेटर आणि सदरा यांच्या मधे छातीवर ठेवा. पाठ मोकळी ठेवा, म्हणजे वाफ बाहेर जाईल. पोचल्यावर पेपर काढा. वाचता येतोच आहे, तर वाचूनही घ्या!

एका घरातली गोष्ट

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. जंगलाच्या बाजूचे गाव आहे. घरात नववीतली मुलगी आहे. अभ्यासात हुशार आहे. शाळा चार किलोमीटरवर आहे. सायकल आहे. पण मुलीला सिकलसेलचा आजार आहे.

आपल्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. त्या बारीक नळ्यांतून सहज सरकतात. सिकलसेलच्या आजारात काही पेशी वाकून विळ्यासारख्या होतात. विळे जसे एकमेकांत अडकतात, तशा त्या बारीक नळ्यांत अडकतात. मग हातापायांत, पाठीत, छातीत भयंकर कळा येतात. हा आजार आईबापांकडून जन्मतःच येतो. कोणाच्या पापाने येत नाही. शिवल्याने लागत नाही.

थंडी ही या आजाराची वैरीण. गार लागले की कातडीखालच्या बारीक नळ्या आणखी आवळतात. आणि अंगातले पाणी कमी झाले की पेशी लवकर वाकतात. म्हणजे गार वारा, ओले अंग आणि कमी पाणी, हे तिन्ही मिळून दुखणे उभे करतात.

आशाताई त्या घरी आल्या. मुलीचा बाप ओसरीवर बसला होता.

तो म्हणाला, "ताई, पोरीला पुसात-माघात घरीच ठेवावं म्हनतो जी. मागल्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात न्यावी लागली."

आबाजी म्हणाले, "नाहीतरी पोरीच्या जातीला किती शिकवायचं? जीव वाचला म्हणजे झालं."

आशाताई म्हणाल्या, "आबाजी, जीव तर वाचवायचाच. पण दोन महिने घरी बसली तर ती मागे पडेल. मागे पडली तर शाळा कायमची सुटेल. आजार काही शाळा सोडल्याने जात नाही. मागल्या साली ती अंगात काय घालून जायची?"

आई आतून म्हणाली, "बापाचा कोट घालत होती. चांगला जाड होता."

"आणि शाळेत पोचल्यावर?"

मुलगी हळूच म्हणाली, "कोट सायकलवरच ठेवत होती, ताई. मुली हसायच्या. आतून ओली व्हायची. पहिले दोन तास लय गार लागे."

"आणि पाणी?"

"थंडीत तहानच लागत नाही. आणि प्यालं तर मग..." मुलगी थांबली.

आशाताईंना कळले. शाळेत पाणी प्यायले तर लघवीला जावे लागते. मुलींना ते अवघड वाटते. त्या म्हणाल्या, "हे मी मॅडमशी बोलते. पण पाणी सोडायचं नाही. आणि बाबा, आधी हिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सायकल चालवू द्यायची का, किती चालवायची, हे डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तरच पुढचं."

डॉक्टरांनी मुलीला तपासले. गोळ्या रोज घ्यायला सांगितल्या. सावकाश, दम न लागता सायकल चालवायला हो म्हटले. मग आईने पेटी उघडली. भावाची कबड्डीची जर्सी निघाली. ती शाळेच्या कमीजच्या आत गेली. कमीजवर शाळेचे स्वेटर. त्यावर एक पातळ विंडचीटर. सलवारीच्या आत जुनी लेगिंग. पायांत मोजे आणि बूट. हातांत आईने जुन्या स्वेटरच्या बाह्यांचे शिवलेले हातमोजे. दप्तरात एक कोरडी बनियन आणि पाण्याची बाटली. या सगळ्यात नवे विकत आणलेले काय? फक्त विंडचीटर.

आणि आणखी एक ठरले. ज्या दिवशी दाट धुके असेल किंवा फारच कडाका असेल, त्या दिवशी सायकल नाही. त्या दिवशी बापाने पोचवायचे, नाहीतर एसटीने जायचे. अंग दुखू लागले, ताप आला किंवा धाप लागली, तर अंगावर काढायचे नाही. लगेच दवाखाना.

कपड्यांनी सिकलसेल बरा होत नाही. तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण थंडीचा एक घाव कपडे चुकवतात. आणि त्या मुलीसाठी एकेक घाव चुकणे म्हणजे शाळेचा एकेक आठवडा वाचणे.

तुमच्या घरी कोणाची तपासणी झाली नसेल, तर करून घ्या. १ जुलै २०२३ रोजी देशभर सिकलसेलविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

हात, कान आणि पाय

अंग उबदार असले तरी हात गारठतात. कारण थंडी लागली की शरीर आधी पोट आणि छाती सांभाळते. हातापायांकडे रक्त कमी पाठवते. बोटे बधिर झाली की ब्रेक नीट दाबता येत नाही. तेव्हा हातमोजे ही शोभा नाही, ती अपघाताची राखण आहे. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातात घाला. पण आधी उभ्या सायकलवर ब्रेक दाबून पाहा. पकड सुटत असेल तर बोटांपुरते कापा.

कानांना पातळ कानटोपी किंवा रुमाल पुरे. कान इतके गुंडाळू नका, की मागच्या ट्रकचा हॉर्नच ऐकू येणार नाही.

बूट घट्ट नकोत. दोन मोजे कोंबून बूट आवळला तर रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार होतात.

मफलर, दुपट्टा, ओढणी आणि पदर यांची टोके मोकळी सोडू नका. ती चाकात किंवा साखळीत गेली तर गळ्याला फास बसतो. टोके आत खोचा किंवा मागे गाठ मारा. पायजम्याला घोट्याजवळ रबर लावा.

धुक्यात काळा कोट, काळी शाल दिसत नाही. बाहेरचा कपडा पांढरा, पिवळा किंवा भगवा असावा. सायकलच्या मागे लाल चमकता तुकडा लावा. तुम्हाला ट्रक दिसला म्हणून ट्रकवाल्याला तुम्ही दिसलात, असे समजू नका.

चार खोट्या समजुती

"निघतानाच चांगली ऊब वाटली पाहिजे." नाही. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांनी अंग तापते. निघतानाच गरम वाटले तर पुढे घाम ठरलेला.

"घाम आला की कपडा काढावा." उशीर झाला! घाम येण्याआधीच गुंड्या उघडा. चढाच्या आधी सैल करा, उताराच्या आधी लावा. नाल्याच्या पुलाजवळ खोलगट जागी गार हवा साचते. तिथे पोचण्याआधीच लावा. आणि सायकल थांबली की गार वाटण्याची वाट न पाहता स्वेटर चढवा.

"मोहाची थोडी घेतली की थंडी पळते." साफ खोटे. दारूने कातडीकडे रक्त धावते, म्हणून गरम वाटते. पण ती ऊब बाहेर जात असते. आतून अंग निवत असते. वर झोक जातो तो वेगळाच.

"शेकोटीवर अंग शेकले की झाले." शेकावे, पण जपून. जर्सी, विंडचीटर, रेनकोट हे कपडे ठिणगीने वितळतात आणि कातडीला चिकटतात. शेकोटीजवळ जाण्याआधी वरचा कपडा काढा आणि छातीवरचा कागदही काढा.

ज्यांना दमा आहे, त्यांनी नाकातोंडावर पातळ रुमाल बांधावा, म्हणजे गार हवा थोडी उबदार होऊन आत जाते. ज्यांच्या छातीत चालताना दुखते, त्यांनी थंडीच्या पहाटे सायकलवर ओझे ओढू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे.

हे ध्यानात ठेवा

एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे.

आतला कपडा अंग कोरडे ठेवतो. मधला ऊब धरतो. बाहेरचा वारा अडवतो.

घाम हा थंडीचा हेर आहे. त्याला आत येऊ देऊ नका.

निघताना थोडी थंडी वाजू द्या. थांबलात की लगेच कपडा चढवा.

कोरडी बनियन आणि पाणी बरोबर ठेवा.

टोके खोचा, ब्रेक तपासा, उजळ रंग घाला.

आता हे करा

आज संध्याकाळी घरातली कपड्यांची पेटी उघडा. घरात जो कोणी पहाटे सायकलवर जातो, त्याला जवळ बोलवा. पहिला कपडा कोणता, दुसरा कोणता, तिसरा कोणता, ते तिघे मिळून वेगळे काढा. नसेल त्याच्या जागी काय चालेल, ते ठरवा. मग उद्या तो घरी आला, की त्याच्या पाठीला हात लावून पाहा.

पाठ कोरडी आणि उबदार लागली, तर समजा, हा धडा तुम्ही बरोबर वाचला.